बिनचिठ्ठीची मोटार

मला आयुष्यात एकदाच पकडण्यात आलं, आणि तेही मी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या नियमाखाली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की माझी मुलगी आता ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते. तिच्या गोष्टीत मी जरा जास्तच घाबरतो. खरं तर मी तेवढा घाबरलो नव्हतो. पण बायको त्या दिवशी घरी होती आणि मुलगी जन्मलीही नव्हती, तेव्हा माझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी नाही. म्हणून मूळ प्रत एकदा लिहून ठेवावी म्हटलं.

या सगळ्याचं श्रेय आमच्या तेव्हाच्या घरमालकांना. त्यांना सगळे आबा म्हणत. नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. मी बारामतीचा, नुकतं लग्न झालेला, आणि इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी असलेल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलेला. खालच्या वाडीत आबांच्या दोन खोल्या मिळाल्या. खोल्या बघायला गेलो तेव्हा आबांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाले, "मास्तर, तुमाला काय येतं?"

"विज्ञान शिकवतो."

"ते शिकिवता. येतं काय?"

मी विचारात पडलो. शेजारी बायको उभी होती. तीही विचारात पडली, हे मला जास्त लागलं. शेवटी मी म्हणालो, "अक्षर बरं आहे."

"मग बसा," आबा म्हणाले. खोल्या मिळाल्या. रस्त्यात बायको म्हणाली, "निदान ते तरी आहे."

आबांनी हा प्रश्न सगळ्यांना विचारला होता. मुलीसाठी पिंपळीचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बी.ए. आहे असं त्याच्या मामांनी तीनदा सांगितलं. आबा म्हणाले, "ते झालं हो, त्येला येतं काय?" मुलगा लाजत म्हणाला, लिंबाला डोळा बांधून कलम करता येतं. आबांनी त्याला तिथल्या तिथं परसात नेऊन एक डोळा बांधायला लावला. लग्नाची बोलणी पुढं सरकली ती त्या डोळ्याला फुटवा आल्यावर. तोवर दोन्हीकडची मंडळी दोन महिने एका लिंबाच्या रोपाकडं बघत बसली होती.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सायकलची घंटी असायची. नुसती घंटी, सायकल कधीच गेली होती. समोरचा माणूस आपल्याला न येणाऱ्या विषयात बोलायला लागला की आबा ती वाजवत. एकदाच, हलकेच. तलाठ्यानं खतावर मत दिलं की ट्रिंग. शिक्षकांनी राजकारणावर दिलं की ट्रिंग. मी त्यांच्या ओसरीवर बसून एकदा भाकरी कशी थापावी हे बायकोला सांगत होतो, तेव्हा त्यांनी ती इतका वेळ वाजवली की गल्लीतली माणसं बाहेर आली. फक्त त्यांच्या बायकोसमोर, म्हणजे आक्कांसमोर, घंटी खिशातच राहायची. आक्कांनी पहिल्याच वेळी सांगून ठेवलं होतं, "माज्याफुडं वाजली तर चुलीत जाईल, आन् वाजिवनाऱ्याला भाकर न्हाय."

आबांची उभी नोकरी नीरा कालव्यावर मोजणीदार म्हणून गेली. कुणाच्या शेतात किती पाणी गेलं ते मोजायचं, आणि पाळीवरून दोन गावं कुऱ्हाडी घेऊन आली की मधे उभं राहायचं. त्या तीस वर्षांचा अर्क ते एका वाक्यात सांगत. "पुढारी पाटावर आला की दार उघडत न्हाय, मास्तर. दाराचा इस्क्रू ज्येला फिरवता येतो त्येला बोलवावं. दोन्ही गावचे दोन इस्क्रूवाले एका बिडीत भांडान मिटिवत्यात."

निवृत्त झाल्यावर हा अर्क कुठं ओतावा असा त्यांना प्रश्न होता. तो मोटारींच्या चोऱ्यांनी सोडवला.

आमच्याकडं मोटार म्हणजे पाण्याची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं मागं हटतं आणि शेतकऱ्याला आपली मोटार त्याच्या पाठोपाठ खाली खाली न्यावी लागते. घरापासून मैलभर लांब, चिखलात, उघड्यावर. पळसदेवाच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर दिसायला लागलं की भाविक हात जोडत आणि चोर कामाला लागत. पाण्याकाठच्या पाचही गावांत मोटारी जात होत्या. आमच्या आणि वरच्या वाडीच्या मधे एक ओढा आहे. एका पोलीस ठाण्याची हद्द ओढ्याच्या अलीकडं संपायची, दुसऱ्याची पलीकडं सुरू व्हायची. ओढ्यात जे घडेल ते देवाच्या हद्दीत.

प्रत्येक गावात ग्रामसुरक्षा दल होतं. शिट्ट्या होत्या, काठ्या होत्या. पण एका गावचं दल दुसऱ्या गावच्या दलाशी बोलत नव्हतं, कारण प्रत्येक गावाला खात्री होती की चोर शेजारच्या गावातलेच आहेत. वरच्या वाडीचे बबनराव तर याबाबतीत तालुक्यात प्रसिद्ध होते. त्यांची पाच हॉर्सपॉवरची मोटार नऊ वर्षांपूर्वी पाण्याकाठावरून गेली. तेव्हापासून खालच्या वाडीचा कुणीही भेटला, लग्नात भेटो की मयतीत, बबनराव राम राम करत नसत. विचारत, "आमची मोटार बरी हाय का?"

हा प्रश्न त्यांनी आबांनाही एकदा भर बाजारात विचारला. आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "खालच्या वाडीत तुजी मोटार निगाली तर मी सोता डोक्यावर घिऊन यीन." आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

तर आबांनी ठरवलं, पाच गावांनी मिळून काही केलं पाहिजे. पहिला प्रयत्न त्यांनी रीतसर केला, म्हणजे सरपंचांना एकत्र बोलावलं. जागा कुणाच्याच गावातली नको म्हणून नरसिंहपूर. तिथं भीमा आणि नीरा भांडण न करता एकत्र येतात, त्या बघून सरपंचांना काही सुचेल, असा आबांचा हिशोब. पाच सरपंच, एक टेम्पो, आणि ड्रायव्हरशेजारी एकच जागा. टेम्पो दीड तास जागचा हलला नाही. शेवटी तडजोड अशी झाली की पुढं कुणीच बसायचं नाही. पाचही सरपंच मागं उभे, ड्रायव्हर केबिनमधे एकटा राजासारखा. वाटेत मग पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून झालं. नरसिंहपुरात पुजाऱ्यांनी पहिला नारळ चुकून दुसऱ्याच सरपंचांच्या हातात दिला, आणि परिषद दर्शनावरच आटोपली. येताना तिघं एसटीनं आले.

आबांना मात्र मुळीच वाईट वाटलं नाही. ओसरीवर पाय पसरून म्हणाले, "बरं झालं. आता ह्येंचं मन भरलं. फुडच्या खेपंला हात चालिवनारी मानसं बोलवू."

अशी जाणकारांची मंडळं निघाली. आबा अध्यक्ष झाले नाहीत. निमंत्रक झाले. "अध्यक्षाला पाडत्यात. निमंत्रकाला पाडायला त्येनंच बोलवावं लागतं." मला चिटणीस केलं, कारण अक्षर.

एक मंडळ मोटारींचं. पाच गावांत जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारी दोनच माणसं होती: वरच्या वाडीचा हणमंत आणि आमच्या खालच्या वाडीचा दिगंबर. दोघंही बारामतीत एकाच दुकानात शिकलेले, आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवण्यावर दोघांचा धंदा चाललेला. आबांनी दोघांना एका सतरंजीवर बसवून विचारलं, "दुसऱ्यानं भरलेली मोटार वळखू येती का?" हणमंत म्हणाला, "दिगूचं काम मी आंधारात हात लावून सांगंन. तारंचा गुंता झालेला आसतो." दिगंबर म्हणाला, "ह्येचं बी सांगंन. गाठी मारतो जशा म्हशीला दावं." आबा खूश झाले. मी इतिवृत्तात लिहिलं: "दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांच्या कामाची बारकाईने माहिती असल्याचे सांगितले."

एक मंडळ होड्यांचं, त्यात पळसदेवाकडचे मासे धरणारे. कुठली होडी रिकामी आली आणि कुठली पाण्यात जास्त बसलीय, हे ते काठावरून बघून सांगत. आणि एक मंडळ कुत्र्यांचं. त्यात एकट्या भागूआजी. त्यांच्या घरात दोन पिढ्यांमागं मेंढरं होती, आता ऊस होता, पण कुत्र्याचा कान राहिला होता. "कुत्रं पावन्याला येगळं भुकतं, कोल्ह्याला येगळं आन् चोराला येगळं," त्या सांगत. "चोराला भुकताना त्येचा मागचा पाय मागं आसतो." आबांनी त्यांना विचारलं, एका गावचं दल दुसऱ्या गावात गेलं की तिथली कुत्री अंगावर येतात, याला काय करावं. आजी म्हणाल्या, वळख करून द्या. मग ठराव झाला: दलाच्या प्रत्येकानं रोज शेजारच्या गावात जाऊन तिथल्या कुत्र्यांना भाकरीचा तुकडा घालावा.

पंधरा दिवस पाच गावांत माणसं भाकरी घेऊन हिंडत होती. पंधरा दिवसांनी पाचही गावांची कुत्री इतकी मनमिळाऊ झाली की कुणालाच भुंकेनात. त्यात दोन मोटारी गेल्या. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी काय लिहावं म्हणून आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "लिवा. कुत्र्यांचं सहकार्य अपेक्षेपरीस जास्त झालं." भागूआजींनी मान्य केलं की चूक त्यांची. गावोगाव एक-दोनच कुत्र्यांची ओळख ठेवायची होती, पण आपल्या माणसांना थोडं देता येत नाही.

मोटारीच्या मंडळानं मात्र एक कामाची गोष्ट काढली. हणमंत म्हणाला, चोरीची मोटार शेवटी रस्त्यावर येणारच. दिगंबर म्हणाला, मग रस्त्यावरच्या मोटारीला चिठ्ठी हवी. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघंही जरा घाबरले. नियम असा: कुठलीही मोटार गावाच्या शिवेबाहेर न्यायची तर सोबत चिठ्ठी पाहिजे. मोटार कुणाची, कुठं चालली, कशाला. खाली त्या गावच्या जाणकाराची सही. चिठ्ठी नसेल तर पुढच्या गावानं मोटार थांबवायची, जाणकारानं उघडून बघायची, आणि त्याचा शब्द पाचही गावांनी मानायचा. हे शेवटचं वाक्य आबांनी घातलं. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

चिठ्ठ्या मीच शाळेच्या सायक्लोस्टाइलवर काढल्या. फार सुरेख निघाल्या होत्या.

आता माझी अटक.

मे महिना. शाळेला सुट्टी. आबांनी त्या वर्षी डाळिंबाची नवी बाग धरली होती. रोपं गुडघ्याएवढी, पाणी एक दिवस चुकलं तरी माना टाकणारी. आणि त्यांच्या विहिरीवरची मोटार जळली. दिगंबर त्याच्या मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. म्हणजे मोटार हणमंताकडं न्यायची, ओढा ओलांडून वरच्या वाडीत. आबा त्या गावात पाऊल टाकणार नव्हते. मी म्हणालो, मी नेतो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मोटारसायकलच्या मागं मोटार ट्यूबनं आवळून बांधली, आणि मी निघालो. चिठ्ठी घेतली नाही. दिगंबर सहीला नव्हता हे एक कारण, पण खरं कारण हे की चिठ्ठीचा नियम मी लिहिलेला होता, आणि नियम लिहिणाऱ्याला नियम लागू असतो हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

ओढा चढलो आणि बाभळीखालून दोघं उठले. वरच्या वाडीच्या दलाचे. त्यातल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात होती.

"चिठ्ठी?"

"अहो, मी. चिठ्ठ्या मीच लिहितो."

"लिवनाऱ्याला न्हाय इचारलं, सर. आननाऱ्याला इचारलंय."

मी हसून बघितलं. ते हसले नाहीत. दोन मिनिटांत मी समाजमंदिरात, मोटार माझ्यासमोर सतरंजीवर, आणि दारात निम्मी वरची वाडी. माझ्यापुढं चहा आला.

"घ्या सर. चोर असला तरी च्या घितोच."

"मी चोर नाही."

"ते जानकार सांगतील," मुलीचा बाप म्हणाला. मग जवळ सरकून हळूच म्हणाला, "हणमंता येईस्तोवर एक इचारू का? आमच्या पोरीला शास्त्रात चाळीसच का दिलं?"

मी तिला चाळीस का दिले ते सांगत असताना आणखी तिघा पालकांनी आपापली पोरं काढली. माझी मुलगी सांगते तसा मला घाम आला असेल, तर तो इथं.

हणमंत आला. मला हात जोडले, मोटारीजवळ बसला, पाना लावून झाकण काढलं. आत वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर इतका आनंद पसरला की मला हायसं वाटलं.

"ह्ये माजं काम हाय," तो म्हणाला. "ह्ये बगा, ही गाठ. आन् ही पट्टी. त्या दिशी माज्याकडं बांधायची फीत संपलीती, म्हनून आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधलाता. हिरवा. जळला तरी हिरवा दिसतोय बगा. येवढी वर्षं टिकली मोटार. सांगा दिगूला."

"बघा," मी सगळ्यांना म्हणालो. "मी सांगत नव्हतो?"

हणमंताचा आनंद हळूहळू उतरला. तो परत आत वाकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पर सर, आबांची मोटार मी कदी भरली न्हाय. लुगड्याची पट्टी मी एकाच मोटारीला बांधलीती. बबनरावांच्या."

मग मागून कुणीतरी सायकल काढल्याचा आवाज आला, आणि दुसरी सायकल. एक बबनरावांकडं गेली, एक आमच्या खालच्या वाडीकडं.

बबनराव आले. नऊ वर्षं ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलं होतं त्याचं उत्तर सतरंजीवर पडलेलं होतं. ते मोटारीभोवती एक फेरी मारून भिंतीला टेकून बसले.

मग खालची वाडी आली. वीस-पंचवीस माणसं, पुढं सरपंच. नरसिंहपूरला टेम्पोचा दांडा यांनीच धरला होता.

"आबांना चोर म्हनता?" सरपंच दारातूनच म्हणाले. "ह्यो हणमंता तुमच्या गावचा. तुमचीच री ओढनार. मास्तरला सोडा, मोटार द्या, आन् ती तुमची चिठ्ठी घाला वढ्यात. आमी ह्या भानगडीत न्हाय."

वरच्या वाडीची माणसं उठून उभी राहिली. कुणाच्या तरी हातात काठी दिसली. मी चहाचा कप खाली ठेवला. पाच गावांची सगळी मंडळं, होड्या, कुत्री, माझ्या दोन रेघा, सगळं त्या क्षणी मोडायला आलं होतं. आणि ते मोडलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात परत ज्याची मोटार जाईल त्यानं शेजारच्या गावात काठी घेऊन जायचं.

आबा सगळ्यांच्या मागून आले. चालत आले होते. वरच्या वाडीत ते किती वर्षांनी पाऊल टाकत होते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माणसांनी आपोआप वाट दिली. आबा सतरंजीवर बसले.

"हणमंता, खात्री हाय?"

"हाय, आबा."

"सरपंच म्हनत्यात तू तुज्या गावचा हायस."

"हाय की. पर गाठ माजी हाय."

आबांनी मान हलवली. "आमचा जानकार लग्नातनं आलाय का?"

दिगंबर गर्दीत होता. नवरीकडचा फेटा अजून डोक्यावर. त्याला पुढं ढकललं. तो मोटारीवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या मागं त्याचं सगळं गाव उभं होतं. सरपंच म्हणाले, "दिगू, नीट बग हां." त्या 'हां'चा अर्थ मलासुद्धा कळला.

दिगंबरानं पट्टीला बोट लावलं. मग डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"काम हणमंताचंच हाय," तो म्हणाला. "आसली गाठ दुसरं कोन मारतंय? म्हशीचं दावं हाय ह्ये."

हणमंताला राग यायला हवा होता. त्याचे डोळे भरून आले.

"दिगू, तुला उद्यापास्नं कोन गावात काम देतंय ते बगतो," सरपंच म्हणाले.

"मी दीन," आबा म्हणाले. मग सगळ्यांकडं वळले. "बारामतीच्या बाजारात घितली म्या ही. जुन्या मोटारी घिऊन एक फिरता मानूस येत हुता, पुन्ना दिसला न्हाय. कुनाची, कुठली, म्या इचारलं न्हाय. चांगली चालत हुती म्हनून इचारलं न्हाय. आट वर्सं ती माज्याकडं हाय, आन् ह्या मानसाला म्या भर बाजारात सांगितलं, खालच्या वाडीत तुजी मोटार न्हाय." ते बबनरावांकडं बघून म्हणाले, "हुती. माज्याच हिरीवर हुती."

बबनराव भिंतीपासून जरा पुढं सरकले.

"डोक्यावर आनतो म्हनलो हुतो. वय झालंय. मास्तरनं फटफटीवर आनली, ती म्याच आनली आसं धरा. हणमंता, भरून दे आन् बबनरावांच्या घरी पोचिव."

आबा उठले, माझा हात धरला आणि आम्ही ओढा उतरून घरी आलो. वाटेत ते एकदाच बोलले. "मास्तर, चिठ्ठी न्ह्यायची हुती."

डाळिंबाच्या बागेचं काय, हे आबांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आक्कांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेऊन निघाल्या. माझी बायको त्यांच्या मागं. मग मी. दोन घागरी ओतून तिसरीला मी पाठ धरून बसलो, आणि तेव्हा आबांनी घंटी वाजवली असती तर मला वाईट वाटलं नसतं. चार दिवसांत बागेच्या एका कडेची रोपं गेली.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीसमोर बैलगाडी थांबली. आमच्याच वाडीतला एक माणूस, गाडीत मोटार. कुणाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "दिगूला म्हनावं माजी बी उगडून बग. म्या बी बारामतीच्या बाजारातच घितलीया." दुपारपर्यंत आणखी दोन गाड्या आल्या. संध्याकाळी ओढ्यापलीकडून दोन.

हणमंत आणि दिगंबर तीन दिवस आबांच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली मोटारी उघडत बसले. मी लिहीत होतो. वरच्या वाडीची मोटार खालच्या वाडीत, खालच्या वाडीची पळसदेवाकडं, तिकडची परत वरच्या वाडीत. त्या फिरत्या माणसानं पाच गावांच्या मोटारी पाच गावांनाच विकल्या होत्या, आणि आम्ही एकमेकांकडं संशयानं बघत त्याच्याकडून घेत होतो. आमच्या सरपंचांच्या मळ्यातली मोटारही निघाली. ती होड्यांच्या मंडळातल्या एका माणसाची होती. तो सरपंचांना काहीच बोलला नाही. फक्त लिंबाखाली येऊन तीन दिवस त्यांच्या शेजारी बसला.

सगळं लिहून झाल्यावर दिगंबर म्हणाला, "आबा, आता ज्याची त्याला दिली तर सगळ्या मोटारी रस्त्यावर. आठ-दहा दीस पाच गावात कुटंच पानी न्हाय. निम्मी पिकं जातील."

"मग जानकार काय म्हनत्यात?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हणमंत म्हणाला, "पाऊसकाळ हुईस्तोवर जितं हाय तितं ऱ्हाऊ द्यावी. कुनाची कुटं हाय ते आता म्हाईत झालंय. ज्याची हाय त्यानं जाऊन बगावी, नीट चालिवत्यात का न्हाय."

ठराव झाला. पाचही गावांनी मानला, कारण आता प्रत्येक गावाची मोटार दुसऱ्या गावाच्या पाण्यात होती आणि कुणाला भांडण परवडणारं नव्हतं. त्या उन्हाळ्यात दलाची माणसं शेजारच्या गावच्या मोटारीवर स्वतःच्या मोटारीपेक्षा जास्त लक्ष ठेवत होती, कारण ती स्वतःचीच होती. चोऱ्या एकदम थांबल्या नाहीत. पण चोराला मोटार उचलायची तर आता एकदम दोन गावांची झोप चुकवावी लागायची.

राहिले बबनराव. त्यांची मोटार तेवढी परत गेली होती. आणि मधल्या काळात त्यांनी घेतलेली दुसरी मोटार उघडली तेव्हा ती निघाली खालच्या वाडीची. ठरावाप्रमाणे ती त्यांच्याकडंच राहणार. म्हणजे त्यांच्या घरात दोन मोटारी झाल्या, आणि आबांच्या विहिरीवर रिकामा चौथरा.

बबनरावांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी स्वतः बैलगाडी हाकत आले. गाडीत हणमंतानं भरून दिलेली मोटार. आबा चौथऱ्यावर बसले होते.

"सरका," बबनराव म्हणाले. एवढ्या वर्षांत ते आबांशी बोलले तो हा पहिला शब्द. "पाऊसकाळ हुईस्तोवर ठिवतो. पर जाम चालवायची न्हाय. मी रोज यिऊन बगनार."

"बग की," आबा म्हणाले.

आणि ते रोज आले. पहिल्या दिवशी स्टार्टर दाबण्यावरून भांडण. दुसऱ्या दिवशी मोटारीवर छप्पर किती तिरकं असावं यावरून. बबनराव म्हणत आबांना मोटार चालवता येत नाही, आबा म्हणत बबनरावांना ती आठ वर्षं सांभाळता आली असती का. घंटी सारखी वाजायची. बबनरावांनी एकदा ती हातातून हिसकावून आबांनाच वाजवून दाखवली. उरलेली डाळिंबं वाचली. पाऊस झाला, विहीर भरली, मोटार तिथंच राहिली. ती परत न्यायची आठवण पाचही गावांत कुणालाच झाली नाही, तशी कुणाचीच कुणाला झाली नाही.

तीन वर्षांनी माझी बदली बारामतीला झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तर आबा घरी नव्हते. विहिरीवर दोघं म्हातारे मोटारीला दोन बाजूंनी कान लावून बसले होते. बेरिंग गेलंय की नाही, यावर मतभेद होता. मी पाया पडलो. आबांनी डोळे न उघडता आशीर्वाद दिला आणि बोटानं गप्प राहायला सांगितलं.

परत घरात आलो. आक्का चुलीपाशी दोन कप चहा ओतत होत्या, एक आबांचा, एक बबनरावांचा.

"बगितलं का, मास्तर," आक्का म्हणाल्या. "मोटार चोरीला गेलीती तवा ह्यो मानूस आमच्या दाराम्होरनं सुदिक जात न्हवता. आता गावलीया, तर घरी जायचं नाव घेत न्हाय."